कौलावरची मिरपूड

साहेब, तुम्ही आम्हाला घाण म्हणालात.

चारचौघांत म्हणालात, नाकाला रुमाल लावून म्हणालात, आणि घासून काढायचा हुकूम सोडून चहा प्यायला निघून गेलात. तुमचा चहा निवायच्या आत जे संपलं ते काय होतं, हे आजतागायत तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. ज्यांना सांगता आलं असतं त्यांची तोंडं तुम्ही बंद केलीत. म्हणून आता मी सांगतो. माझं तोंड बंद करायला तुम्हाला खाडीच्या चिखलात उतरावं लागेल, आणि तुमचे बूट फार चकचकीत आहेत.

मित्रांनो, तुम्ही साहेब नाही, म्हणून तुमच्याशी नीट बोलतो. मी एक जुनं कौल आहे. छपरावरचं, भाजलेल्या मातीचं, साधं कौल. कौलाला कसला आलाय जीव आणि कसली आलीय जीवनकथा, असं तुम्हाला वाटेल. छपरावर होतो तोवर मलाही तसंच वाटायचं. वर ऊन, खाली सावली, आणि मधे मी. पण जे मी पुढे पाहिलं ते पाहायला माणसं जन्मभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतात. माझ्या तर ते पाठीवर घडलं.

माझा जन्म चिकणमातीचा. यंत्राने मला दाबून आकार दिला, सावलीत वाळवलं आणि भट्टीत भाजलं. भट्टीचं वर्णन करत बसत नाही. भाजणी सगळ्यांच्याच वाट्याला येते. फरक इतकाच की कौल त्यातून पक्कं होऊन निघतं, माणसं कधीकधी कच्चीच राहतात आणि खुर्चीवर जाऊन बसतात.

मी जाऊन बसलो ते एका संशोधन केंद्राच्या छपरावर. केंद्र खाडीच्या काठाला. त्याच्या एका अंगाला फुलांचं संशोधन चाले, दुसऱ्या अंगाला कालवांचं. कालव म्हणजे खडकाला चिकटून राहणारा, दोन झाकणांचा खडबडीत शिंपला. या दोन विभागांमध्ये एक भिंत होती, एक नळ होता आणि रोजची एक कुरबूर होती. कुरबुरीला कारणही तसंच होतं. फुलांच्या विभागात सासू आणि कालवांच्या विभागात तिची सून.

सासूला सगळे फुलबाई म्हणत, सुनेला सूनबाई. दोघीही शिकलेल्या, दोघीही हट्टी. सूनबाई कामावर सासूला ‘मॅडम’ म्हणायची, घरी ‘आई’ म्हणायची, आणि भांडण झालं की कुठेही असली तरी ‘सासूबाई’ म्हणायची. कुठली हाक आली यावरून शिपाई ओळखायचा की आज त्या दोघींच्या मधून जायचं की भिंतीला वळसा घालून.

“मॅडम, नळ सोडा की आता. माझ्या टाक्या कोरड्या पडल्यात.”

“थांब गं. माझी रोपं तहानलेली आहेत. तुझी कालवं काय, तोंड मिटून बसतात. शहाणी आहेत. तू त्यांच्याकडून ते तेवढं शिकली नाहीस.”

“सासूबाई!”

की शिपाई निघाला वळसा घालून.

मी होतो फुलबाईंच्या कुंड्यांच्या शेडवर. त्यांचं काम मी वरून पाहायचो. त्या शेवंतीचा नवा वाण तयार करत होत्या. कापून पाण्यात ठेवलेली शेवंती काही दिवसांत मान टाकते. फुलबाईंना मान न टाकणारी शेवंती हवी होती. त्यासाठी एका फुलाचे पराग बारीक कुंचल्याने उचलून दुसऱ्या फुलावर टेकवायचे, वर कागदी पिशवी बांधायची, बी धरू द्यायचं, पेरायचं, फुलायची वाट पाहायची, कापून पाण्यात ठेवायचं आणि नुसतं बघत बसायचं. मान टाकली की ती सगळी रोपं बाद. पुन्हा कुंचला, पुन्हा पिशवी. असं करता करता फुलबाईंचे केस पिकले. मला वाटायचं, ही बाई फूल शोधत नाही, देवाची परीक्षा घेतेय, आणि देव दरवर्षी नापास होतोय.

रोपांवर तांबेरा पडायचा. पानांच्या पाठीवर गंजासारखे ठिपके येणारा रोग तो. मग फुलबाई मोरचूद, ते तांब्याचं निळं औषध, फवारायच्या. निळं पाणी धुक्यासारखं वर उडायचं आणि थोडं माझ्याही पोटाला लागायचं. वर्षानुवर्षं लागत गेलं. माझ्या आतल्या बाजूला एक निळसर डाग धरला. कौलाचं पोट बघतो कोण! मीही लक्ष दिलं नाही.

पुढे छपरावर पारदर्शक पत्रे आले आणि आम्हा कौलांना उतरवून भिंतीशी रचलं गेलं. ऊन, पाऊस, विंचू, गवत. आम्ही कुणाचेच राहिलो नाही. एके दिवशी सूनबाई भिंतीपलीकडून डोकावली.

“आई, ही कौलं तुम्हाला लागणार आहेत का?”

कामावर ‘आई’! फुलबाईंच्या हातातली कात्री थांबली.

“का गं? घर शाकारतेस की काय?”

“पिल्लांसाठी हवीत. कालवांच्या पिल्लांना बसायला जागा लागते. नवी कौलं मागवली तर साहेब वर्षभर कागद फिरवतील.”

“ने सगळी. माझ्याकडून माहेरची भेट समज.”

“सासरची म्हणा.”

“बरं, सासरची. पण नळावरून भांडायचं नाही.”

दोघी हसल्या. सासू-सुनेने एका वेळी हसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते कान देऊन ऐका.

त्या खाडीत पूर्वी कालवं इतकी होती की ओहोटीला खडक दिसायचा नाही, नुसती कालवंच दिसायची. मग ती संपली. का संपली याची कारणं सांगायला साहेब लोकांच्या सभा भरतात, मी ती सांगत नाही. सूनबाईच्या टाकीत उरलेली काही मोजकी नर-मादी कालवं होती. ती पाण्यात अंडी सोडायची, त्यातून पिल्लं निघायची, आणि बसायला जागा न मिळून दरवेळी मरायची. या खेपेला पिल्लं जगली नाहीत तर कालवांचा विभाग बंद, असं वरून कळवलेलं होतं. विभाग बंद म्हणजे टाक्या रिकाम्या. टाक्या रिकाम्या म्हणजे त्या खाडीचं शेवटचं बियाणं गटारात.

पिल्लू म्हणजे केवढं? नजरेला धड दिसतही नाही एवढं. ते आधी पाण्यात तरंगत हिंडतं. मग मोठं होताना त्याला एक काळा ठिपका येतो, तो त्याचा डोळा. आणि एक पाय फुटतो. एकच. त्या पायाने ते तळाशी उतरतं, चालतं, चाचपतं. इथे बसू? नको. इथे? नको. कारण बसायचं ते एकदाच. जागा पटली की ते स्वतःच्या अंगातला चिकट थेंब खाली सोडतं, त्यावर अंग टेकतं आणि कायमचं चिकटतं. मग त्याला पाय लागत नाही, डोळा लागत नाही. दोन्ही विरघळून जातात. आयुष्यात एकदाच बघायचं, एकदाच चालायचं आणि एकदाच ठरवायचं. माणसांना घर घेताना इतका विचार करताना मी पाहिलं नाही, आणि छपरावर बसून मी पुष्कळ पाहिलंय.

सूनबाईने आम्हाला चुन्यात बुडवून वाळवलं. चुना आणि वाळूचा पातळ लेप दिला म्हणजे पिल्लं मोठी झाल्यावर लेपासकट अलगद सोडवता येतात. मग तिने आम्हाला पिल्लांच्या टाकीत उभं केलं. मी श्वास रोखून बसलो, म्हणजे कौल जेवढा रोखू शकतं तेवढा.

पिल्लं आली. माझ्या पाठीवर उतरली, चालली, पोटाकडे वळली. लेपाखालच्या निळ्या डागापाशी येऊन थांबली. आणि मागे फिरली. जवळजवळ सगळी. जी फिरली नाहीत ती तिथेच गळून पडली. दुसऱ्या दिवशी टाकीच्या तळाला राखेसारखा एक थर होता. सूनबाईने तो नळीने ओढून काचेवर घेतला, मायक्रोस्कोपखाली धरला आणि बराच वेळ डोळा वर केला नाही.

तिने पाण्याचं तापमान बदललं. खारेपणा बदलला. पिल्लांना चारायचं हिरवं शेवाळपाणी बदललं. पिल्लं मरतच राहिली. सूनबाई घरी जेवेना, तेव्हा फुलबाई भिंत ओलांडून आल्या. पहिल्यांदाच आल्या. बायका कामाच्या ठिकाणी किती जवळ असतात आणि किती लांब!

“दाखव बघू तुझी मुलं.”

“मुलं कुठली, आई. मढी आहेत.”

फुलबाईंनी मला उचललं. ओला लेप पोटाच्या बाजूने सुटत आला होता. त्यांनी अंगठ्याने तो सारला, खालचा डाग उजेडात धरला आणि नखाने खरवडून पाहिला.

“हे माझं आहे,” त्या म्हणाल्या.

“कौलं तुमचीच की. तुम्हीच दिलीत.”

“कौल नाही गं. हा निळा रंग. मोरचूद आहे हे. इतकी वर्षं मी खालून फवारत होते आणि हे वरून पीत होतं. आणि मी ते तुला भेट म्हणून दिलं.”

सूनबाईने डोळे विस्फारून पाहिलं. भांडण पेटेल म्हणून दारातला शिपाई पाय उचलायच्या बेतात होता. पण ती हळूच म्हणाली, “आई, त्यांना कळलं. मला यंत्रं लावून कळलं नाही, तुम्हाला डाग बघूनच कळलं, पण त्यांना नुसता पाय टेकून कळलं. म्हणून ती फिरत होती.”

दोघी टाकीत बघत बसल्या. भांडायचं राहूनच गेलं.

मग आम्हाला दोरीत ओवून खाडीत सोडलं. भरतीने आत घेतलं, ओहोटीने बाहेर ओढलं. चिखल आला, गेला. खेकडे अंगावरून चालले. फुलबाई साडी खोचून, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून आम्हाला चोळायच्या. “चल निघ, माझ्या पापा,” असं त्या डागाला म्हणायच्या. शेडमध्येही त्यांनी मोरचूद बंद केला. तांबेऱ्याची पानं एकेक करून हाताने खुडली, कुंड्या लांब लांब मांडल्या, पाणी पानांवर न टाकता मुळाशी दिलं. कंबर मोडली. सूनबाई म्हणायची, “मॅडम, जरा बसा.” त्या म्हणायच्या, “तुझी पिल्लं बसली की मी बसेन.”

आणि त्याच हंगामात, मोरचुदाविना वाढलेल्या रोपांत, मान न टाकणारी शेवंती फुलली. बाहेरून पिवळी, गाभ्याशी तांबूस. कापून पाण्यात ठेवली. आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा लागला, फूल आपलं ताठ. फुलबाई जाता-येता तिच्याकडे चोरून बघायच्या, नव्या नवरीने आरशात बघावं तसं.

डाग गेला तेव्हा आम्हाला पुन्हा लेप दिला, पुन्हा टाकीत उभं केलं. सूनबाईच्या टाकीत उरलेल्या कालवांनी शेवटचीच म्हणावी अशी अंडी सोडली होती. पिल्लं उतरली. माझ्या पाठीवर एक पाय टेकला. चालला. थांबला. मी मनात म्हणालो, बस रे बाळा. ते चालत चालत माझ्या कडेपर्यंत गेलं, परत आलं, आणि बसलं. चिकट थेंबाचा तो स्पर्श! मी भट्टीतून निघालोय, वादळं अंगावर घेतलीत, पण असा कंप मला कधी सुटला नव्हता. मग दुसरं बसलं. मग पाठ, पोट, कडा, सगळीकडे. काही दिवसांत काळी मिरपूड भुरभुरावी तसं माझं अंग दिसू लागलं. प्रत्येक कण जिवंत. प्रत्येक कण दोन झाकणं उघडतो, पाणी आत घेतो, गाळतो, स्वच्छ करून बाहेर सोडतो. मोठं झालेलं एकच कालव दिवसाकाठी कितीतरी बादल्या पाणी निवळतं, आणि त्याबद्दल भाषण करत नाही.

“आई, बसली!” सूनबाई भिंतीवरून ओरडली.

“मग मीही बसते,” म्हणत फुलबाई शेडमध्ये पालथ्या कुंडीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

साहेब, इथे तुम्ही येता.

मोठे पाहुणे केंद्र बघायला येणार होते. शेवंतीला मान्यता द्यायची की नाही आणि कालवांचा विभाग ठेवायचा की नाही, हे त्या भेटीत ठरणार होतं. तुम्ही आदल्या दिवशी व्यवस्था बघायला आलात. सूनबाई तेव्हा होडीतून खाडीत मांडव बांधायला गेली होती, पिल्लांची कौलं टांगायला. आम्ही टाकीबाहेर फळीवर निथळत होतो. ओहोटीची सवय लागावी म्हणून तिने मुद्दाम काढून ठेवलं होतं. तुम्ही रुमाल काढलात.

“ही काय घाण? उद्या पाहुणे येणार आणि इथे काळी बुरशी?”

फुलबाई धावत आल्या. “साहेब, बुरशी नाही ती. पिल्लं आहेत. कालवांची. सुनेचं सगळं काम त्यावर—”

“पिल्लं?” तुम्ही हसलात. “मिरपूड सांडल्यासारखं दिसतंय. बाई, तुम्ही तुमची फुलं बघा. ए, तारेचा ब्रश घे, अ‍ॅसिड घे, पांढरी फेक झाली पाहिजेत. आणि कुठेही पाणी साचलेलं दिसता कामा नये. टाक्या, बादल्या, सगळं उपसा.”

“साहेब, हात जोडते. एकदा भिंग लावून बघा.”

“वेळ नाही.”

वेळ चहाला होता.

ब्रश सुरू झाला. साहेब, तो आवाज तुम्ही बशीत चहा ओतत ऐकलात. मी फळीच्या टोकाला होतो. शेजारचं कौल घासलं गेलं, त्याच्या शेजारचं घासलं गेलं. एकाचीही किंकाळी नाही. ज्यांना तोंड असतं तेच ओरडतात. हुकमाची माणसं खाली मान घालून घासत होती. त्यांना दोष देत नाही, त्यांना पोट आहे.

ब्रश माझ्यापर्यंत यायच्या आत कुणीतरी मला पदराखाली घेतलं.

शेडमध्ये एक निळा प्लास्टिकचा टब होता. त्यात उद्या दाखवायची सगळी शेवंती ठेवलेली होती, अख्ख्या केंद्रातली तेवढीच. त्या टबाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. फुलबाईंनी फुलं बाजूला केली. टबातलं गोडं पाणी ओतलं. उपसायला घेतलेल्या टाकीतून खारं पाणी घागरीने आणून भरलं. मला तळाशी ठेवलं. आणि मग हातात शेवंतीची मोळी धरून त्या उभ्या राहिल्या.

मी खालून त्यांचा चेहरा पाण्यातून पाहत होतो. खाऱ्या पाण्यात फूल ठेवलं तर काय होतं हे त्या बाईइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी एकदा डोळे मिटले आणि फुलं त्या पाण्यात ठेवली. माझ्यावर पिवळी सावली पडली.

संध्याकाळी सूनबाई परतली. फळीवर पांढरी शुभ्र कौलं रचलेली. ती एक कौल उचलून त्यावरून नुसता तळवा फिरवत राहिली. फुलबाईंनी तिला काही सांगितलं नाही, कारण सुनेच्या तोंडात तीळ भिजत नाही. ती मला घेऊन तुमच्या अंगावर धावून गेली असती, आणि उरलेलंही गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. टब समोर मांडलेला. शेवंतीने मान टाकली होती. एकूण एक फुलाने. पाकळ्या लोंबत होत्या.

“हीच का ती मान न टाकणारी शेवंती?” तुम्ही विचारलंत, साहेब. पाहुणे हसले.

“हो साहेब,” फुलबाई म्हणाल्या.

“मग हे काय?”

“माझं चुकलं असेल.”

“असेल? आयुष्य घातलंत ना यात?”

“हो. घातलं.”

सूनबाई मागे उभी होती. सासूने कधी कुणापुढे चूक कबूल केलेली तिने पाहिली नव्हती. सासूच्या फुलाने मान टाकलेलीही पाहिली नव्हती. पाहुणे पुढे सरकले तशी ती टबाशी आली, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट.

तिने फुलांच्या देठांमधून हात खाली घातला. माझी कड तिच्या बोटांना लागली, आणि कडेवरची मिरपूड. खरखरीत, शाबूत. तिने सासूकडे पाहिलं. फुलबाईंनी ओठावर बोट ठेवलं.

त्या रिकाम्या शेडमध्ये नंतर दोघींचं झालेलं बोलणं फक्त मी ऐकलंय.

“आई, दुसरी कुठली फुलं वर ठेवायचीत ना! हीच का?”

“दुसरी असती तर त्यांनी टब उपसला असता. याच फुलांना ते घाबरतात.”

“तुमचा वाण बाद केला त्यांनी.”

“फूल परत फुलवता येतं गं, लावायला काडी आहे माझ्याकडे. तुझं बियाणं शेवटचं होतं. आणि कौल माझं होतं. एकदा विष देऊन बसले होते ना?”

कालवांचा विभाग बंद झाला. निष्पन्न काही नाही, असा शेरा पडला. निष्पन्न तेव्हा टबाच्या तळाशी होतं. फुलबाई निवृत्त झाल्या, निरोपाला त्यांना हार घातला गेला, तोही कागदी. सूनबाईला फायलींच्या खोलीत बसवलं. पण त्याआधी ती मला घेऊन खाडीत उतरली आणि जुन्या धक्क्याच्या खांबाला, ओहोटीच्या रेषेखाली बांधून आली.

तेव्हापासून मी इथेच आहे. मिरपुडीची आता तळहाताएवढी कालवं झालीत. त्यांच्या ओझ्याने मला मधून तडा गेलाय. मला त्याचं काही वाटत नाही, उलट त्यांनीच मला दोन्हीकडून घट्ट धरून ठेवलंय. मागच्या हंगामात त्यांनी अंडी सोडली. आणि मित्रांनो, एका ओहोटीला मी बघतो तर समोरच्या खडकावर काळी मिरपूड! कुणी चुना लावला नव्हता, कुणी टाकी भरली नव्हती. एकेक पाय टेकत, चाचपत, ती आपली आपण जाऊन बसली होती. धक्क्यापाशी पाण्याचा तळ दिसू लागलाय. मी मातीचा आहे, पण त्या दिवशी मला हात असते तर मी जोडले असते.

सूनबाई सुट्टीच्या दिवशी येते. फुलबाईंना आता उतरवत नाही, त्या वर धक्क्यावर बसून ओरडतात, “किती झाली गं?” आणि ही खालून ओरडते, “मोजता येत नाहीत, आई!” मेलेल्या कालवांचे शिंपले ती टोपलीत घालून वर नेते. फुलबाई ते कुटून कुंड्यांच्या मातीत घालतात. परवा सूनबाईच्या हातात एक शेवंती होती. बाहेरून पिवळी, गाभ्याशी तांबूस. महिन्यापूर्वी कापलेली आहे, असं ती मला दाखवत म्हणाली. फुलाची मान ताठ होती.

मित्रांनो, तुम्हाला उपदेश करण्याइतका मी मोठा नाही. एकच सांगतो. कशालाही घाण म्हणण्याआधी खाली वाका, डोळा जवळ न्या, आणि जरा थांबा. ते हलतंय का बघा.

आणि साहेब, तुम्ही. ती घासलेली कौलं अजून तुमच्या आवारात रचून ठेवलेली आहेत, पांढरी फेक, तुम्हाला हवी होती तशी. त्यांच्यावर पुन्हा कुणी बसलं नाही. मी तुमच्याकडे माफी मागत नाही, विभाग परत मागत नाही, फुलबाईंचा हारही मागत नाही. फक्त एका प्रश्नाचं उत्तर मागतो, आणि ते आल्याशिवाय मी या खांबावरून हलणार नाही.

ब्रश लावा म्हणायच्या आधी तुम्ही एकदा तरी वाकून पाहिलं होतंत का? हो की नाही?